माल थांबतो तेथे नासतो : पुरवठा साखळीच्या सुधारणेचा एक अभ्यास

शेतीच्या उत्पादनांपैकी सर्वांत नाशवंत कोणते, असा प्रश्न कोणत्याही गावात विचारला तर उत्तर बहुधा एकच मिळेल : दूध. उन्हाळ्याच्या दिवसांत काढलेले दूध थंड न करता ठेवले, तर चार-पाच तासांतच ते बिघडू लागते. त्या मानाने टोमॅटो किंवा पेरू कितीतरी टिकाऊ. तथापि लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेचा २०१५ मधील देशव्यापी पाहणी अहवाल काही वेगळेच सांगतो. उत्पादनापासून किरकोळ विक्रीपर्यंतच्या टप्प्यांत दुधाची नासाडी अवघी ०.९२ टक्के आढळली. टोमॅटोची मात्र ती १२.४४ टक्के आणि पेरूची १५.८८ टक्के होती.

जे सर्वांत लवकर नासते ते सर्वांत कमी वाया जाते, आणि जे त्याहून टिकते त्याचा आठवा-सहावा हिस्सा वाटेतच संपतो, ही गोष्ट वरवर पाहता चमत्कारिक वाटेल. परंतु तिच्यात या विषयाचे सारे मर्म साठविलेले आहे. माल किती वाया जाईल, हे त्याच्या नाशवंतपणावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते त्याच्या प्रवासाच्या व्यवस्थेवर अवलंबून असते. दुधाला अशी व्यवस्था लाभली. टोमॅटोला ती अद्याप पुरतेपणी लाभलेली नाही. या दोहोंमधील अंतर नेमके कोठे आहे आणि ते कमी करण्याचे मार्ग निरनिराळ्या उद्योगांनी कसे शोधले, याचा विचार करणे लोकप्रतिनिधी, अधिकारी आणि शिक्षक या सर्वांनाच उपयुक्त ठरावे.

रसद आणि साखळी

व्यवहारात या विषयाला ‘लॉजिस्टिक्स’ हा इंग्रजी शब्द रूढ झाला आहे. त्यामागील कल्पना मात्र मराठी माणसाला नवी नाही. ‘रसद’ हा शब्द आपल्या इतिहासाच्या पानोपानी भेटतो. १७६१ साली पानिपतावर मराठी फौजेची रसद तुटली आणि उपासमारीने गांजलेल्या सैन्याला १४ जानेवारी रोजी लढाईस उभे राहावे लागले. शौर्य कितीही असले तरी दाणावैरण वेळेवर पोहोचली नाही तर सारे व्यर्थ ठरते, हा धडा त्या दिवसाने शिकविला.

आजच्या अर्थाने पुरवठा साखळी म्हणजे कच्चा माल जेथे निर्माण होतो तेथपासून तयार वस्तू जेथे वापरली जाते तेथपर्यंतची कड्यांची मालिका. या साखळीतून तीन गोष्टी वाहत असतात. माल पुढे जातो, पैसा मागे येतो आणि माहितीने दोन्ही दिशांना जावयाचे असते. यांपैकी मालाकडे सर्वांचे लक्ष असते, पैशाकडे थोड्यांचे आणि माहितीकडे फारच थोड्यांचे. वास्तविक बहुतेक साखळ्या तुटतात त्या माहितीच्या कडीपाशी. गाडी केव्हा येणार हे शेतकऱ्याला ठाऊक नसते, माल किती येणार हे बाजाराला ठाऊक नसते, आणि दोघेही अंदाजाने वागतात.

वेळेची पट्टी

साखळी तपासण्याची अगदी साधी रीत म्हणजे मालाच्या प्रवासाची वेळ मांडून पाहणे. समजा, जुन्नर तालुक्यातील एका शेतकऱ्याचे टोमॅटो नवी मुंबईच्या बाजारात जावयाचे आहेत. दुपारी बारा वाजता तोडणी संपते आणि क्रेट बांधावर येऊन पडतात. टेम्पो चार वाजता येतो. आणखी दोन-तीन शेतांवरचा माल गोळा करीत तो सात वाजता मार्गाला लागतो व मध्यरात्री वाशीला पोहोचतो. तेथे गाडी खाली होण्यास पहाटेचे तीन वाजतात. विक्री सहा वाजता होते. किरकोळ विक्रेत्याची गाडी आठला निघते आणि दहा वाजता माल दुकानात लागतो.

हा बावीस तासांचा प्रवास झाला. यात माल प्रत्यक्ष मार्गावर होता तो पाच आणि दोन असे सात तास. गोळा करण्यात तीन तास गेले. उरलेले बारा तास तो नुसता थांबला होता : बांधावर चार, बाजाराच्या दारात तीन, विक्रीच्या प्रतीक्षेत तीन आणि विक्रीनंतर दोन. उदाहरण कल्पित असले तरी त्याची जात ओळखीची आहे.

आता सुधारणा कोठे करावयाची? सामान्यतः पहिली मागणी रस्त्याची असते आणि रस्ता चांगला हवा यात दुमत नाही. परंतु रस्ता रुंद झाल्याने टेम्पो तासभर आधी वाशीला पोहोचला, तरी माल खाली होण्याची वेळ ठरलेली असल्यास तो तेथे तीनऐवजी चार तास थांबेल. एक कडी वेगवान केल्याने साखळी वेगवान होतेच असे नाही; पुष्कळदा पुढच्या कडीपाशी रांग तेवढी वाढते. याउलट टेम्पोची वेळ निश्चित करून तोडणी त्या बेताने केली, तर एक रुपयाही खर्च न करता भर उन्हातील चार तास वाचू शकतात. म्हणून सुधारणेचा आरंभ सर्वांत मोठ्या थांब्यापासून करावा, हा या शास्त्राचा पहिला नियम होय.

दुधाने काय साधले?

दुधाच्या व्यवसायात हा नियम निसर्गानेच सक्तीने शिकविला. १९४५ च्या सुमारास गुजरातमधील खेडा जिल्ह्यातून मुंबईला दूध पाठविण्यास आरंभ झाला. १९४६ साली तेथील उत्पादकांनी आपला सहकारी संघ स्थापन केला. मुंबईच्या आरे वसाहतीचे उद्घाटन १९५१ मध्ये झाले आणि १९७० पासून ‘दुधाचा महापूर’ योजनेने हीच पद्धत देशभर नेली. महाराष्ट्रात पश्चिमेकडील जिल्ह्यांतील सहकारी संघांनी गावोगावी संकलन केंद्रांचे जाळे विणले.

या व्यवस्थेचे यश चार साध्या गोष्टींवर उभे आहे. पहिली, वेळ ठरलेली आहे. सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्र केव्हा उघडते आणि गाडी केव्हा निघते, हे गावातील लहान मुलालाही ठाऊक असते. दुसरी, थंड करण्याची सोय उत्पादकाच्या जवळ आली आहे. पूर्वी शीतकरण केंद्र तालुक्याला असे. आता गावातील वा गावसमूहातील कूलरमध्येच दूध चार अंश सेल्सिअसपर्यंत थंड होते. तिसरी, हातबदल होताना माल तपासला जातो. फॅट आणि डिग्री पाहिल्यावाचून दूध पुढे सरकत नाही. त्यामुळे दोष कोणत्या टप्प्यावर शिरला हे त्याच वेळी कळते. आणि चौथी, पैसा नोंदीच्या आधारे आणि ठराविक दिवसांनी परत येतो. दहा दिवसांच्या ‘दुधाच्या पगारावर’ कित्येक घरांचा प्रपंच चालतो. पैशाची कडी पक्की असल्यामुळेच उत्पादक भल्या पहाटे किटली घेऊन दारात उभा राहतो.

या चारही गोष्टींत गूढ असे काही नाही. ज्या मालाची नासाडी अधिक आहे, त्याच्या साखळीत यांपैकी कोणती गोष्ट उणी आहे एवढे पाहिले तरी दुखणे सापडते.

उसाची अदृश्य नासाडी

दूध नासले की वासावरून कळते. ऊस शिळा झाला तर वरून फारसे काही दिसत नाही, आणि म्हणूनच तेथील हानी अधिक फसवी असते. तोडलेल्या उसातील साखरेचे विघटन लगेच सुरू होते. शक्यतो चोवीस तासांच्या आत त्याचे गाळप व्हावे असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. ऊस जितका सुकतो तितके त्याचे वजन घटते आणि उतारा उतरतो.

तोडणीचा कार्यक्रम आखणे हे म्हणून साखर कारखान्याच्या कारभारातील नाजूक काम होय. लागणीच्या तारखा, उसाची पक्वता, टोळ्यांची संख्या, गाड्यांच्या फेऱ्या आणि गव्हाणीची क्षमता यांचा मेळ घालावा लागतो. हा मेळ चुकला की कारखान्याच्या आवारात बैलगाड्या व ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते, आणि दुसऱ्या दिवशी ऊस कमी पडून गाळप खोळंबते. एकाच आठवड्यात गर्दी आणि टंचाई या दोन्ही गोष्टी घडाव्यात, हे बिघडलेल्या साखळीचे ठळक लक्षण आहे.

या रांगेची किंमत कोण मोजतो, हे पाहण्याजोगे आहे. काट्यावर येईपर्यंत वजन घटले तर शेतकऱ्याचे उत्पन्न घटते. उतारा कमी आला तर कारखान्याचे नुकसान होते, आणि रास्त व किफायतशीर दर उताऱ्याशी जोडलेला असल्याने ते फिरून शेतकऱ्याकडेच येते. गाडी रांगेत अडकली की फेरी बुडते आणि वाहतूकदाराचा दिवस वाया जातो. आणि फडात कोयता घेऊन बसलेल्या मजुराला तर टनावर मजुरी मिळत असल्याने गाडी परत येईपर्यंतचा वेळ पूर्णपणे बिनमोलाचा ठरतो. घरदार सोडून आलेल्या त्या जोडप्याच्या आणि त्यांच्या मुलांच्या दृष्टीने गव्हाणीपुढील रांग म्हणजे बुडालेली भाकर होय. साखळीच्या सुधारणेचा विषय केवळ नफ्यातोट्याचा नसून न्यायाचाही आहे तो या अर्थाने. थांबण्याचा भार बहुधा त्याच्यावरच पडतो, ज्याचा थांबण्याच्या निर्णयात काडीचाही सहभाग नसतो.

साखळी अखंड हवी

काही वस्तूंच्या बाबतीत शेवटची एक कडी निसटली तरी आधीचे सर्व श्रम वाया जातात. निर्यातीची द्राक्षे हे त्याचे एक उदाहरण. नाशिक-सांगलीकडील बागायतदार सकाळच्या गारव्यात घड काढतात आणि काही तासांतच त्यांचे पूर्वशीतकरण करतात. घडातील शेतावरची उष्णता लवकर काढून घेतली नाही तर पुढे शून्य अंशाच्या कोठारात ठेवूनही देठ वाळतात आणि मणी गळतात. पुढे शीत कंटेनर न्हावा-शेवा येथील बंदरातून युरोपकडे निघतो. १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’ ही सहकारी संस्था स्थापन झाली, तिने लहान बागायतदारांना या दीर्घ साखळीत एकत्र आणले. २००३ मध्ये कीटकनाशकांच्या अंशाबद्दल युरोपात हरकती निघाल्यावर पेटीवरील क्रमांकावरून थेट बागेपर्यंत माग काढता येईल अशी नोंदणी पद्धत उभारण्यात आली. मालाबरोबर त्याची माहितीही प्रवास करू लागली, आणि बाजार टिकला. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले व २०२४ च्या हंगामात पुष्कळ जहाजांना आफ्रिकेला वळसा घालून जावे लागले. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला; तेव्हा पहिल्या काही तासांतील शीतकरणाची काळजी किती मोलाची आहे ते पुन्हा प्रत्ययास आले.

दुसरे उदाहरण त्याहून महत्त्वाचे आहे, कारण तेथे प्रश्न बालकांच्या जिवाचा असतो. १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून ‘शीतसाखळी’ हा शब्द आरोग्य केंद्रांतून परिचित झाला. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. उष्णतेने लस निकामी होते हे सर्वांना ठाऊक असते. परंतु धनुर्वात, त्रिगुणी, कावीळ-ब यांसारख्या लसी गोठल्यानेही निकामी होतात, याची जाणीव तितकी नसते. म्हणून बर्फाच्या पेट्या लसवाहकात ठेवण्यापूर्वी, हलविल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत त्या बाहेर ठेवण्याची पद्धत आहे. पुष्कळशा कुप्यांवर एक खूण असते. वर्तुळातील चौकोन भोवतालच्या रंगाहून फिका असेल तर लस वापरावी. दोहोंचा रंग सारखा वा चौकोन अधिक गडद झाला तर ती टाकून द्यावी. मार्गात जे घडले ते ही लहानशी खूण आरोग्यसेविकेला सांगते. लाखो रुपयांच्या यंत्रणेचा निर्णय अखेर दुर्गम पाड्यावरील एका कार्यकर्तीच्या हाती सोपविला आहे, आणि तो घेण्याइतकी माहिती तिला मिळाली आहे, ही या साखळीची खरी शक्ती होय. जानेवारी २०११ नंतर देशात रानटी पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळला नाही आणि मार्च २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, त्यामागे या शेवटच्या कडीचा मोठा वाटा आहे.

हातबदल आणि नाके

थांबण्याइतकाच दुसरा शत्रू म्हणजे वारंवार होणारी चढ-उतार. माल जितक्या वेळा खाली-वर होईल तितकी हमाली वाढते, फूट-तूट होते आणि चोरीला वाव मिळतो. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकी वाहतूकदाराने अठ्ठावन्न पेट्या जहाजावर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला रवाना केल्या. ट्रकवरील पेटी न उघडता जहाजावर आणि जहाजावरून पुन्हा ट्रकवर जाऊ लागली, आणि जगाच्या व्यापाराचे स्वरूप पालटले. १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर हे याच कंटेनर युगाचे अपत्य. कोकण रेल्वेने १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा या मार्गावर भरलेले ट्रकच रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून नेण्यास प्रारंभ केला, त्यातही तत्त्व तेच होते. घाट व वळणे टळली, डिझेल वाचले आणि मालाला कोणी हात लावला नाही.

नाक्यांवरील खोळंबा हा थांब्याचाच एक प्रकार. मुंबईच्या वेशीवर जकातीसाठी लागणाऱ्या ट्रकांच्या रांगा एके काळी नित्याच्या होत्या. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात संपुष्टात आली. पुढे एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीसाठी ई-वे बिल आणि फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरील टोलसाठी फास्टॅग सक्तीचा झाला. या सुधारणांत रस्त्याची रुंदी एका फुटानेही वाढली नाही, केवळ कागद आणि पैसा हाताळण्याची रीत बदलली. पण मालाचा थांबा घटला.

हातबदल अटळच असेल तेथे तो निर्दोष कसा करावा, हे मुंबईच्या डबेवाल्यांनी दाखवून दिले आहे. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतून आलेल्या या मंडळींनी १८९० च्या सुमारापासून ही सेवा चालविली. २०२० च्या साथीपूर्वी ती रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोहोचवीत असे. एक डबा अनेक हातांतून जातो. पण झाकणावरील रंग, आकडे व अक्षरे यांच्या खुणांवरून उतरण्याचे स्थानक, इमारत आणि मजला प्रत्येकाला कळतो. फारसे शिक्षण नसलेल्या माणसालाही वाचता येईल अशी खूण, ठरलेली लोकल आणि आपल्यानंतर डबा घेणाऱ्या माणसाची ओळख, एवढ्याच भांडवलावर हे काम उभे राहिले.

साठा किती असावा?

कारखानदारीत याच विचाराला जपानमधील टोयोटा कंपनीने शास्त्राचे रूप दिले. तेथील अभियंता ताईची ओनो यांनी अपव्ययाचे सात प्रकार सांगितले. त्यांत गरजेपेक्षा अधिक उत्पादन, प्रतीक्षा, अनावश्यक वाहतूक आणि फाजील साठा यांचा समावेश होता. हवा तो भाग, हवा तेवढा, हवा त्या वेळी मिळावा यासाठी ‘कानबान’ नावाची चिठ्ठीची पद्धत अमलात आली. पुढच्या टप्प्याने चिठ्ठी धाडल्याशिवाय मागच्या टप्प्याने माल बनवावयाचा नाही, असा तिचा दंडक. पुणे-चाकण परिसरातील वाहन उद्योगातही या विचाराचा प्रसार झाला. अनेक पुरवठादारांकडून थोडाथोडा माल गोळा करीत ठरल्या वेळी फिरणाऱ्या गाडीच्या फेरीला या उद्योगात ‘मिल्क रन’ म्हणतात. मोटारींच्या कारखान्याने दूधवाल्याच्या फेरीचे नाव घ्यावे, यात पुरेसा बोध आहे.

तथापि साठा अगदीच कमी करण्यातही धोका असतो. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमध्ये आयसिन कंपनीच्या कारिया येथील कारखान्यास आग लागली. तेथे ब्रेकसाठी लागणारी एक लहानशी झडप तयार होत असे आणि टोयोटा तिच्यासाठी जवळजवळ सर्वस्वी त्या एकाच कारखान्यावर विसंबून होती. झडपांचा साठा अत्यल्प असल्याने काही दिवसांतच टोयोटाचे बहुतेक कारखाने थांबले. इतर अनेक पुरवठादारांनी आपापल्या यंत्रांवर ती झडप तातडीने बनविण्यास घेतली, म्हणून आठवडाभरात गाडी रुळावर आली. साठा कमी ठेवावयाचा असेल तर दुसरा मार्ग तयार ठेवावा, आणि दुसरा मार्ग नसेल तर साठा ठेवावा, असा याचा इत्यर्थ.

येथे सक्तीचे थांबणे आणि स्वेच्छेची साठवण यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. उन्हाळी कांदा हवेशीर चाळीत नीट साठवून तो पावसाळ्यानंतर विकणारा शेतकरी थांबतो खरा, पण तो आपल्या मर्जीने आणि हिशेबाने थांबतो. पैशाची तातडी असलेल्याला हे साधावे म्हणून राज्य कृषी पणन मंडळाने १९९०-९१ पासून शेतमाल तारण कर्ज योजना राबविली. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी उचलण्याची सोय तिच्यात होती. माल थांबला, पण पैसा थांबला नाही. बांधावरच्या उन्हातील चार तास आणि गोदामातील चार महिने यांत हाच फरक आहे.

मोजल्याशिवाय सुधारणा नाही

देशातील मालवाहतूक व साठवणीचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १३ ते १४ टक्के आहे, असे अनेक वर्षे सांगितले जाई. १७ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण जाहीर झाल्यानंतर या खर्चाची पद्धतशीर मोजणी हाती घेण्यात आली. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने २०२३ च्या अखेरीस केलेल्या अंदाजात २०२१-२२ साठी हा खर्च ७.८ ते ८.९ टक्के निघाला. वर्षानुवर्षे उच्चारलेला आकडा प्रत्यक्ष मोजणीत इतका बदलू शकतो, तर गावातील साखळीबद्दलचे आपले समज किती बरोबर असतील, याचा विचार प्रत्येकाने करावा.

मोजणीचे हे काम गावपातळीवर सहज होण्यासारखे आहे. स्वस्त धान्य दुकानाचेच उदाहरण घेतले, तर २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने दुकानाच्या दारापर्यंत धान्य पोहोचविण्याची जबाबदारी राज्य शासनावर टाकली आहे. गाव दक्षता समितीने दरमहा चार नोंदी ठेवल्या तरी पुष्कळ कळेल : धान्य गोदामातून निघाल्याची तारीख, दुकानात पोहोचल्याची तारीख, पोत्यांचे प्रत्यक्ष वजन आणि वाटपाचा पहिला दिवस. सहा महिन्यांच्या नोंदी शेजारी-शेजारी मांडल्या की उशीर गोदामात होतो, वाहतुकीत होतो की दुकानात, हे वादविवादाशिवाय स्पष्ट होते. तक्रार ‘धान्य नेहमी उशिरा येते’ अशी केली तर तिला उत्तर मिळणे कठीण; ‘गेल्या सहा महिन्यांत गोदाम ते दुकान या अंतरास सरासरी नऊ दिवस लागले’ अशी केली तर ती टाळणे कठीण.

हीच रीत शाळेच्या पोषण आहाराच्या तांदळाला, पाठ्यपुस्तकांना, उपकेंद्रातील औषधांना आणि हंगामातील खत-बियाण्यांना लागू पडते. पाठ्यपुस्तके तालुक्याला वेळेवर येऊनही केंद्रशाळेत अडकून पडली, तर मुलाच्या दृष्टीने ती छापलीच गेली नाहीत असे समजावे. पेरणी उलटल्यावर आलेले बियाणे कागदोपत्री पुरवठा ठरते, शेतात नव्हे. शेवटचे दोन-चार मैल हेच पुष्कळदा सर्वांत लांब असतात, आणि ते नेमके ग्रामपंचायतीच्या हद्दीत येतात. शेतरस्त्याची पावसाळ्यापूर्वी डागडुजी, माल ठेवण्यासाठी एक सावलीची जागा, गाडी येण्याची फळ्यावर लिहिलेली वेळ आणि चार-सहा शेतकऱ्यांनी मिळून केलेली वाहतूक, ही कामे मोठ्या निधीची वाट पाहत नाहीत.

शिक्षकांनाही या विषयाचा वर्गात चांगला उपयोग करता येईल. घरातील एखादी वस्तू, मग ती मिठाची पिशवी असो की खडूची पेटी, कोठून व कशी आली याचा विद्यार्थ्यांनी शोध घ्यावा. नकाशावर तिचा मार्ग काढावा. ती कोठे किती थांबली आणि किती हातांतून गेली हे लिहावे. भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र यांचा असा मेळ अन्यत्र क्वचितच मिळतो. शिवाय वस्तूमागे राबणारा हमाल, चालक, मापाडी आणि तोडणी मजूर मुलांच्या दृष्टीस पडतो, हा लाभ वेगळाच.

दूध, ऊस, द्राक्षे, लस, मोटार आणि जेवणाचा डबा यांत वस्तू म्हणून काही साम्य नाही. पण या सर्वांच्या अनुभवातून निघणारे सूत्र एक आहे. वेळ ठरवावी, थांबा मोजावा, हातबदल कमी करावेत, जो अटळ असेल तो तपासून व नोंदवून करावा, मालाबरोबर माहिती पाठवावी आणि पैसा वेळेवर परत करावा. महामार्ग, बंदरे आणि शीतगृहे उभारण्याचे काम मोठ्या यंत्रणांचे आहे आणि ते चालू राहीलच. परंतु बांधावर उन्हात पडलेले क्रेट, गव्हाणीपुढे ताटकळलेली बैलगाडी आणि दुकानासमोर पिशवी घेऊन उभी असलेली वृद्धा यांचा खोळंबा संपविण्याचे काम जवळच्या माणसांनाच करावे लागेल. त्याचा प्रारंभ एका वहीपासून आणि घड्याळापासून होऊ शकतो.